हजार कोटी सरळ मार्गाने होतात का, आणि झाले तर कर कुठे लावायचा?

ताळेबंद (धागाकर्ता)

२०२४ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसचे नेते सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचं उदाहरण दिलं आणि ऐन निवडणुकीत त्यावर रान उठलं. बाजू घेणारे खूप होते, आकडेमोड करणारे फार थोडे. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. मोठी संपत्ती सचोटीने उभी राहू शकते. पण एका माणसाच्या हजार कोटींतले सगळे रुपये एकाच वाणाचे नसतात. काही कारखान्यातून आलेले, काही जमिनीच्या चढत्या भावातून, काही सरकारी परवान्यातून, काही वडिलांच्या मृत्युपत्रातून. आपला आयकर कायदा यांत फरक करत नाही. तो एवढंच विचारतो, की विकलंस का?

उदाहरण घ्या. एका प्रवर्तकाकडे (कंपनी उभी करून चालवणाऱ्याकडे) शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीचे २,००० कोटींचे शेअर आहेत. लाभांश अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला १० कोटी. त्यावर ३० टक्के कर, १५ टक्के अधिभार, ४ टक्के उपकर धरून ३५.८८ टक्के, म्हणजे ३.५९ कोटी. त्याच वर्षी शेअरचा भाव १५ टक्के वाढला, म्हणजे संपत्ती ३०० कोटींनी फुगली. विकलं काहीच नाही, म्हणून त्यावर कर शून्य. एकूण ३१० कोटींच्या भरीवर कर सव्वा टक्क्याहूनही कमी. उद्या थोडे शेअर विकले तरी दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त १४.९५ टक्के. याउलट ३० लाख पगाराचा इंजिनिअर नव्या करप्रणालीत (२०२५-२६) सुमारे पावणेपाच लाख भरतो. साधारण १६ टक्के. त्याला 'विकेपर्यंत थांबतो' म्हणायची सोय नाही.

दरवर्षीचा संपत्ती कर मला नको आहे, कारण मूल्यांकनाची लढाई दरवर्षी लढावी लागते. हस्तांतराच्या वेळी एकदाच कर घ्यावा असं मला वाटतं. चर्चेपुरता आराखडा : प्रत्येक वारसाला मिळणाऱ्या ५० कोटींपर्यंत काही नाही, ५० ते ५०० कोटींवर २० टक्के, त्यापुढे ३० टक्के, आणि भरायला दहा वार्षिक हप्ते. राहतं घर, चाळीतली खोली, गावची चार एकर, यातलं काहीच या जाळ्यात येत नाही.

शॉपफ्लोअर

तुमच्या पहिल्याच उदाहरणात एक मोठी रक्कम राहून गेली आहे. ती कंपनी स्वतः कर भरते.

२,००० कोटींचे शेअर, भाव नफ्याच्या ४० पट धरला, तर त्या प्रवर्तकाच्या वाट्याचा करोत्तर नफा ५० कोटी. कंपनीचा दर २५.१७ टक्के, म्हणजे करपूर्व नफा ६६.८ कोटी आणि त्यावर कर १६.८ कोटी आधीच गेला. त्यात तुमचे ३.५९ मिळवा. २०.४ कोटी झाले. खऱ्या नफ्याच्या ३०.५ टक्के. इंजिनिअरच्या जवळपास दुप्पट दर! उरलेले ३०० कोटी म्हणजे बाजाराने त्या दिवशी लावलेली बोली. पुढच्या वर्षी भाव ३० टक्के पडला तर सरकार परत देणार आहे का?

आता तुमचा आराखडा एका खऱ्याखुऱ्या प्रकारच्या कारखान्यावर लावून पाहू. भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणारी खाजगी मर्यादित कंपनी. करोत्तर नफा ७ कोटी. वारस एकच. शेअर नोंदणीकृत नाहीत, म्हणून किंमत आयकर नियमांतल्या पद्धतीने काढायची. त्यात यंत्रं पुस्तकी किमतीला धरतात, पण स्थावर मालमत्ता मुद्रांक शुल्काच्या मूल्याने. शेडखालची जमीन तीस वर्षांपूर्वी घेतलेली. रेडी रेकनरने (सरकारी जमीनदराच्या तक्त्याने) तिचेच ७०-८० कोटी होतात. एकूण कागदी किंमत धरा १५० कोटी.

तुमचा कर : १०० कोटींवर २० टक्के, म्हणजे २० कोटी. वारसाकडे रोकड नाही, कंपनीतून काढावी लागेल. लाभांशावर ३५.८८ टक्के गेल्यावर २० कोटी हातात यायला ३१.२ कोटी वाटावे लागतात. म्हणजे साडेचार वर्षांचा सगळा नफा. दहा हप्ते केले तरी दरवर्षी ३.१२ कोटी, नफ्याच्या ४५ टक्के.

आणि नफा म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. तो कच्च्या मालात, अर्धवट कामात आणि ९० दिवसांच्या उधारीत अडकलेला असतो. बँक कॅश क्रेडिटची (रोजच्या धंद्यासाठीच्या कर्जाची) मर्यादा नवी करताना कर्जफेडीची क्षमता बघते. लाभांश वाढला की ते गुणोत्तर घसरतं, मग बँक आधी लाभांशच रोखते. वरून प्रवर्तकाची वैयक्तिक हमी असतेच. वडील गेले की बँक नव्याने हमी मागते, आणि नेमक्या त्याच महिन्यात तुमची नोटीस येणार. कारखाना विकला जाईल, आणि घेणारा बहुधा एखादा मोठा समूहच असेल. संपत्ती विखुरण्याऐवजी आणखी एकवटेल.

ताळेबंद

@शॉपफ्लोअर, कंपनी कराचा मुद्दा मान्य. तो धरायलाच हवा. तरी ३०० कोटी 'नुसती बोली' आहेत हे पटत नाही. त्याच बोलीवर प्रवर्तक शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, आणि कर्ज हे उत्पन्न नसल्यामुळे त्यावर कर नसतो. बँक ज्याला मूल्य मानते त्याला कायद्यानेही मानावं.

रोकडटंचाईचा मुद्दा मात्र गंभीर आहे. त्यावर जर्मनीची तरतूद अभ्यासण्यासारखी आहे. तिथे चालता उद्योग वारसाने पाच वर्षं चालू ठेवला आणि त्या पाच वर्षांत दिलेले एकूण पगार मूळ वार्षिक पगारखर्चाच्या ४०० टक्क्यांच्या खाली गेले नाहीत, तर ८५ टक्के मूल्य करातून सुटतं. सात वर्षं आणि ७०० टक्के ही अट पाळली तर पूर्ण सूट. म्हणजे सवलत मालकाच्या नावाला मिळत नाही, कामगारांचे पगार चालू राहिले तर मिळते. तुमचा भोसरीचा कारखाना यात सहज बसतो.

कलम_दुरुस्ती

जर्मनीचं पुढचंही सांगायला हवं. सूट चालत्या उद्योगाला म्हटल्यावर लोकांनी नुसती रोकड आणि रोखे कंपनीत टाकले आणि ती कंपनी वारसांना दिली. मग 'उद्योगाला न लागणारी मालमत्ता' वेगळी काढायचे नियम आले, त्यांना वळसे निघाले, पुन्हा नियम आले. २०१४ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सवलत मोठ्या उद्योगांना गरजेची तपासणी न करता देणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही असं ठरवलं. २०१६ ला कायदा बदलावा लागला. शिकायचं हे, की उद्योगाच्या सवलतीला वरची मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर कर मधल्या थरावर पडतो आणि शेंड्यावरचे सुटतात.

गिरणगाव

कर कसा घ्यायचा यावर सगळे तुटून पडलेत. धाग्याच्या शीर्षकातला पहिला प्रश्न मागेच राहिला. सरळ मार्गाने होतात का?

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी बघा. सुमारे ६०० एकर, परळ-लालबाग-वरळीच्या ऐन मध्यात. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेक परत आत गेलेच नाहीत. कापडधंदा बुडाला, जमीन मात्र तरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ व्या नियमाने ठरवलं, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. मालकांनी तोडगा काढला : इमारत पाडायचीच नाही, आहे त्या सांगाड्यात दुरुस्तीच्या नावाखाली कचेऱ्या आणि दुकानं काढायची. २००१ साली नियमच बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. बांधकामाखालची जमीन, म्हणजे जवळपास सगळी, वाटणीतून बाहेर. २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला.

यात कुणी काय कमावलं? यंत्र सुधारलं नाही, नवा माल काढला नाही. एका नियमातल्या एका शब्दाची व्याख्या बदलली आणि शहराच्या वाट्याची जमीन खाजगी ताळेबंदात गेली. सगळं कायदेशीर. म्हणूनच 'कायद्याने कमावलं म्हणजे न्यायाने कमावलं' हे मला मान्य नाही.

भाव कसा चढतो तेही बघा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ ला मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना विकली. घेणाऱ्या कंपनीने तीच २०१२ साली साधारण २,७२७ कोटींना दुसऱ्या विकासकाला दिली. सात वर्षांत जवळपास चौपट, मध्ये इमारत उभी न राहता.

शॉपफ्लोअर

२००५ ची विक्री सरकारी कंपनीने जाहीर बोलीने केली होती. ७०२ कोटी हा त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव. ज्याला वाटत होतं जमीन स्वस्त जाते आहे, त्याने जास्त बोली लावायची होती. शिवाय ७०२ कोटी सात वर्षं अडकले. १२ टक्के व्याज धरलं तरी १,५५२ कोटी होतात. म्हणजे खरा वरचा नफा सुमारे १,१७५ कोटी, आणि तोही परवानग्या अडतील, मंदी येईल ही जोखीम उचलून. २००८ मध्ये मंदी आलीच.

गिरणगाव

व्याज वजा करून ११७५ कोटी उरतात हे तुम्हीच सांगितलंत. माझा प्रश्न त्याच ११७५ कोटींबद्दल आहे. ते कशातून आले? आजूबाजूला झालेले उड्डाणपूल, समुद्रसेतू, वाढलेली कचेऱ्यांची मागणी, यांतलं काहीही त्या मालकाने केलं नाही. जोखमीचा मोबदला १२ टक्क्यांत धरलेलाच आहे.

सर्व्हे_नंबर

जमिनीच्या कामात असल्यामुळे एक भर घालतो. 'जमिनीच्या वाढीवर काही घेत नाहीत' हे खरं नाही. मुंबईत मूळ चटई क्षेत्रावर (शहर भागात भूखंडाच्या १.३३ पट) जादा क्षेत्र हवं तर अधिमूल्य (प्रीमियम), 'फंजिबल' म्हणजे आणखी जादा क्षेत्रासाठी वेगळं अधिमूल्य, जिना-लिफ्टच्या जागेची सूट हवी तर तिचं, शिवाय विकास शुल्क. ही सगळी रेडी रेकनरच्या जमीनदराच्या टक्क्यात. गावाकडे बिगरशेती करतानाही सरकार आकार घेतं. म्हणजे वसुली आहेच, पण तिची वेळ चुकलेली आहे.

कशी ते सांगतो. गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरित पट्ट्यातली जमीन रहिवासी पट्ट्यात येते. भाव त्या दिवशी उडी मारतो. खरं तर त्याच्या आधीच, कारण आराखड्याची कुणकुण ज्यांना लागते ते मूळ शेतकऱ्याकडून साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून ठेवतात. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच, कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याचं. अधिमूल्य मात्र घेतलं जातं ते सहा-आठ वर्षांनी, बांधकामाचा नकाशा मंजूर होताना. तोवर जमीन तीन हात फिरलेली असते. मधल्या दोघांनी वाढीचा मलिदा नेलेला असतो आणि अधिमूल्याचा भार शेवटच्या हातावर, म्हणजे सदनिकेच्या दरात येतो.

याला उतारा नगररचना योजना. गुजरातमध्ये १९७६ च्या कायद्याने ही योजना नेमाने राबवतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी भाग काढायचा, उरलेल्या भूखंडांना नव्याने आखून परत द्यायचं, आणि मूल्यवाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम योजनेच्या खर्चापोटी मालकाकडून घ्यायची. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही योजना आहे. आपल्याकडे ती फार वर्षं धूळ खात पडली, आता पुण्याच्या बाजूला थोडी हालचाल दिसते. ज्या दिवशी भाव उडी मारतो त्याच दिवशी वाटा घ्यायचा, हेच तिचं मर्म. वारसा कराची तीस वर्षं वाट कशाला बघायची?

कलम_दुरुस्ती

आणि दुसऱ्या टोकाला हे पाहा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. (स्थानिक अधिभार वेगळा.) वडाळ्याची एक खोली असो की मलबार हिलचा पूर्ण मजला, २०० रुपयेच. तीच खोली परक्याने विकत घेतली तर मुंबईत ६ टक्के. ८० लाखांच्या खोलीवर ४ लाख ८० हजार. पहिल्यांदा घर घेणाऱ्यावर बोजा, आयतं मिळणाऱ्याला माफी. खोलीवाल्याला माफी असू द्या, पण तिला वर मर्यादा का नाही?

जुनी_वही

इथे बरेच जण असं बोलत आहेत जणू हा प्रयोग पहिल्यांदाच होणार आहे. आपण तो केलेला आहे आणि मोडलेलाही आहे.

मृत्यू कर १९५३ साली आला, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. संपत्ती कर १९५७, बक्षीस कर १९५८, मध्ये खर्च करही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालातली मूळ कल्पना अशी, की हे कर एकमेकांवर पहारा ठेवतील. उत्पन्न लपवलं तर संपत्तीत दिसेल, संपत्ती वाटली तर बक्षिसात सापडेल. शिवाय आयकराचा वरचा दर ४५ टक्क्यांच्या आसपास उतरवा, असंही ते म्हणाले होते. आपण कर घेतले, दर उतरवला नाही. १९७३-७४ ला आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वर संपत्ती कर. म्हणजे कायदा पाळणाऱ्याला कमाईहून जास्त भरावं लागेल अशी अवस्था. अशा वेळी प्रामाणिक माणूसही बेनामीकडे वळतो, आणि एकदा घडी बसली की दर उतरले तरी परत येत नाही.

मृत्यू कराचा वरचा दर ८५ टक्के, आणि तो २० लाखांच्या वर लागायचा. वसुली किती? १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी आकडा सांगितला : वर्षाला सुमारे २० कोटी. एकाच मालमत्तेवर संपत्ती कर आणि मृत्यू कर, दोन कायदे, दोन मूल्यांकनं, दुहेरी अपिलं. १६ मार्च १९८५ पासून तो बंद झाला.

संपत्ती कर पुढे तीस वर्षं रेंगाळला, पण १९९३ पासून त्यातून शेअर आणि उत्पादक मालमत्ता वगळल्या. उरलं काय? जादा घर, गाडी, दागिने, शहरी मोकळा भूखंड, ५० हजारांवरची रोकड. एक घर किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड माफ. घराचं मूल्य बाजारभावाने नाही, तर मिळू शकणाऱ्या निव्वळ वार्षिक भाड्याच्या साडेबारा पट. (१९७४ नंतर घेतलेलं घर असेल आणि खरेदीची किंमत जास्त असेल तर ती.) भाडेनियंत्रणातल्या दक्षिण मुंबईच्या इमारतींचं या सूत्राने काय होत असेल ते बघा. दर १ टक्का, ३० लाखांवर. २०१३-१४ ला देशभरातून १,००८ कोटी मिळाले. अरुण जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढला आणि एक कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला. त्यातून ९,००० कोटींची अपेक्षा धरली होती.

नऊपट पैसा, आणि एकही मूल्यांकन अधिकारी न लावता. माझं मत तिथेच ठरलं. श्रीमंतांकडून घ्याच, पण जिथे पैसा हातात येतो तिथे घ्या. आज मोठ्या पगारावर जास्तीत जास्त ३९ टक्के आणि भांडवली नफ्यावर १४.९५ ही दरी आहे. २००४ ते २०१८ नोंदणीकृत शेअरवरचा दीर्घकालीन नफा पूर्ण माफ होता, तो परत करात आणून सरकारने दिशा बरोबर धरली. पाच कोटींच्या वरच्या भांडवली नफ्याला २० टक्के करा. नवा कायदा नको, नवं खातं नको.

ताळेबंद

@जुनी_वही, इतिहास अचूक आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. १९८५ ला शेअर कागदी होते, काही तर कोऱ्या हस्तांतरण अर्जासकट कपाटात. आज डिमॅट खातं पॅनला जोडलेलं आहे, प्रवर्तकांचा वाटा दर तिमाहीला शेअर बाजारात जाहीर होतो. पहिल्या शंभर कुटुंबांच्या संपत्तीचा मोठा भाग कुणीही संध्याकाळी मोजू शकतो. तेव्हा जे मोजणं अशक्य होतं तेच आज सगळ्यात सोपं झालंय. आणि संपत्ती करातून नेमके शेअरच वगळलेले होते, मग १,००८ कोटीच मिळणार.

तुमच्या २० टक्क्यांना माझा विरोध नाही. पण तो विकणाऱ्यालाच लागतो. प्रवर्तक विकत नाही.

सातासमुद्रापार

बाहेरच्या दोन उदाहरणांबद्दल, कारण दोन्ही बाजू ती अर्धवट वापरतात.

नॉर्वेत दरवर्षीचा संपत्ती कर आहे. २०२२ ला वरचा दर १.१ टक्के केला, आणि त्यानंतर अनेक बडे उद्योगपती स्वित्झर्लंडला राहायला गेले. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की स्वित्झर्लंडच्या प्रांतांतही संपत्ती कर आहे. तरी ते तिथे गेले, कारण एकूण बोजा कमी आणि देश सोडताना नॉर्वेचा कर चुकवायला जागा होती. नंतर नॉर्वेने ती जागा आवळली. क्रम चुकला : आधी दार लावायचं असतं, मग दर वाढवायचा.

दक्षिण कोरियात वारसा कराचा वरचा दर ५० टक्के, आणि कंपनीवर ताबा असलेल्या भागधारकाचे शेअर २० टक्के जास्त धरतात, म्हणून प्रत्यक्षात ६० पर्यंत. सॅमसंगचे ली कुन-ही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वारले. कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनहून जास्त कर पाच वर्षांत सहा हप्त्यांनी भरायचं जाहीर केलं. त्यासाठी शेअर तारण ठेवले, काही विकले. कंपनी बुडाली नाही आणि कुटुंबाचा ताबाही गेला नाही. पण तिथल्या मध्यम कंपन्यांची तक्रार वेगळी आहे : वारसाच्या वेळेला शेअरचा भाव खाली राहावा म्हणून मालक लाभांश दाबून ठेवतात आणि त्यात छोट्या भागधारकांचं नुकसान होतं. ६० टक्क्यांच्या दराचा हा दुष्परिणाम खरा आहे. २० ला तो तितका नसेल.

भारतातून पळणं मात्र तितकं सोपं नाही. निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या इथल्या रुपयांतल्या खात्यातून) दहा लाख डॉलर. कारखाना आणि जमीन तर हलतच नाही.

शॉपफ्लोअर

संपत्ती न्यायाने होते का, यावर गिरणगावांनी जमीन निवडली. मी इन्फोसिस निवडतो. १९८१, पुणे, दहा हजार रुपये भांडवल. १९९३ ला समभाग विक्री ९५ रुपयांनी. ग्राहक परदेशातले, त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. कर्मचाऱ्यांना शेअर दिले, त्यातून ड्रायव्हर-क्लार्कपर्यंत पैसा गेला. यात कुणाचा वाटा लाटला?

गिरणगाव

कुणाचाही लाटला नाही. पण सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत आयकर माफ होता, आणि इंजिनिअर घडले ते सरकारी अनुदानाच्या महाविद्यालयांतून. त्या संपत्तीत समाजाची गुंतवणूक आहे, एवढंच म्हणतो.

शॉपफ्लोअर

माफी सगळ्यांना होती. त्याच माफीत शेकडो कंपन्या निघाल्या आणि बंद पडल्या. फरक पडला तो चालवणाऱ्यांमुळे. २००८ चे दूरसंचार परवाने आणि कोळसा खाणी यांच्याशी याची तुलना होऊ नये. तिथे वाटप करणाऱ्याच्या मर्जीने पैसा झाला, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१२ ला १२२ परवाने आणि २०१४ ला २१४ खाणवाटपं रद्द केली. तसा पैसा असेल तर वारसा कराची वाट बघू नका, लिलाव करा. त्या बाबतीत मी तुमच्याही पुढे आहे.

कलम_दुरुस्ती

ताळेबंद, तुमच्या आराखड्यात सगळ्यात मोठं भोक अजून कुणी दाखवलं नाही : खाजगी न्यास (ट्रस्ट). आज प्रवर्तक आपले शेअर अपरिवर्तनीय कौटुंबिक न्यासात टाकतो. लाभार्थी फक्त नातेवाईक असतील तर मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही, आणि ताबा बदलत नसल्यास सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) खुल्या देकाराच्या, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर घ्यायचा प्रस्ताव देण्याच्या, अटीतून सूट देते. माणूस मरतो, न्यास मरत नाही. हस्तांतर झालंच नाही, तर तुमचा कर कशावर? बऱ्याच मोठ्या घराण्यांनी हे आधीच करून ठेवलंय, नेमकं वारसा कराच्या भीतीने.

इंग्लंडने याला दर दहा वर्षांचा आकार लावला : न्यासातल्या सूट-मर्यादेवरच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त ६ टक्के. आपल्याकडे तसाच लावला तर ३० वर्षांत तीनदा, म्हणजे १८ टक्के, तुमच्या २० च्या जवळच. याशिवाय मृत्यूपूर्वीची बक्षिसं मोजायची मुदत लांब हवी. १९५३ च्या कायद्यात ती दोन वर्षं होती, म्हातारपणी वाटून मोकळं होणाऱ्याला पुरेशी सवड. इंग्लंडमध्ये सात आहे. आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला वेगळी सूट-मर्यादा द्यायची नाही, नाहीतर एका घरात तीन मर्यादा वापरल्या जातील.

एक व्यवहारी गोष्ट. आयकर विवरणपत्रात एक कोटीवरच्या उत्पन्नाला मालमत्ता-देणी यांचं परिशिष्ट भरावं लागतं, पण त्यात खरेदीची किंमत लिहितात. १९९० ला घेतलेले शेअर त्या दिवसाच्या किमतीला. कराचं पुढे काय व्हायचं ते होवो, त्या परिशिष्टात बाजारभावाचा एक रकाना आजच वाढवता येईल. माहिती जमली की निदान हा वाद अंदाजावर चालणार नाही.

जुनी_वही

तो रकाना मलाही मान्य. फक्त नोंदणीकृत शेअर आणि रोख्यांपुरता ठेवा. घर-दागिन्यांना लावलात तर पुन्हा मूल्यांकनाची भानगड सुरू.

सर्व्हे_नंबर

सगळ्यांनी शेतजमीन सोडून दिली आहे, आणि मोठा पैसा तिथेच जाऊन बसेल. वाघोली, हिंजवडी, पनवेलच्या आसपास सातबारावर अजून 'जिरायत' लिहिलेलं असतं आणि एकरी भाव कोटींत. वारसा करातून शेती वगळली की पुढच्या वर्षी सगळे बडे लोक शेतकरी.

कलम_दुरुस्ती

इथे राज्यघटना आडवी येते. केंद्राच्या सूचीतली ८७ वी नोंद शेतजमीन सोडून बाकीच्या मालमत्तेवरच्या मृत्यू कराची. शेतजमिनीवरचा मृत्यू कर राज्याच्या सूचीत, ४८ वी नोंद. संपत्ती कराच्या बाबतीत १९६९ ला केंद्राने शेतजमीन आत घेतली आणि १९७१ च्या धिल्लन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती केंद्राच्या उरलेल्या अधिकारांखाली (सूचींत न आलेल्या विषयांवरच्या) मान्य केली. मृत्यू कराला तो मार्ग नाही, कारण तिथे राज्याची नोंद स्पष्ट आहे. म्हणजे विधानसभेने कायदा करायचा, किंवा केंद्राला तसा ठराव करून द्यायचा.

मर्यादेची रेघ मात्र तयार आहे. भांडवली नफ्यासाठी आयकर कायदा नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीतली, आणि लोकसंख्येप्रमाणे हद्दीपासून २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या आतली जमीन शेतजमीन मानतच नाही. दहा लाखांवर लोकसंख्या असेल तर ८. अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. राज्याने हीच रेघ घ्यावी : आतली जमीन ५० कोटींच्या मर्यादेत मोजायची, बाहेरची खरी शेती पूर्ण सोडायची.

सर्व्हे_नंबर

रेघ चालेल, पण तारीख आधीची धरा. विधेयक मांडल्याच्या दिवशी नाही, त्याच्या दोन वर्षं आधीची खरेदी तपासा. आणि सातबारावरच्या मालकाबरोबर 'इतर हक्क' रकाना आणि नोंदलेली साठेखतंही बघा. खरा मालक बहुतेक वेळा तिथेच सापडतो.